आगगाडी, अभंग आणि ख्रिस्ती गीतकार

नागपुराहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी कामठी मागे टाकून वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर येते, तुमसर रोड सोडल्यावर वैनगंगेचा पूल ओलांडते, आणि तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके घेत दरेकशाच्या डोंगररानातून डोंगरगड-राजनांदगावच्या छत्तीसगडी मुलखात शिरते. या वाटेतील पुष्कळसा भाग आज गोंदिया जिल्ह्याच्या दप्तरात मोडत असला, तरी १९९९ सालापर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच होता. म्हणजे नागपूर ते राजनांदगाव या प्रवासाची अर्ध्याहून अधिक वाट जुन्या भंडारा जिल्ह्यातून जात असे. १८९३ साली चाकरीच्या शोधात निघालेला, नुकतीच तिशी ओलांडलेला एक कोकणस्थ ब्राह्मण कवी या वाटेने प्रवास करीत होता. डब्यात एक गोरा गृहस्थ आधीच बसलेला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे साहेब आपणास दुसऱ्या डब्यात जाण्याचे फर्मान सोडणार, अशी कवीची अटकळ होती. परंतु साहेबाने हसतमुखाने जागा करून दिली, बोलणे निघाले, ते काव्यावरून धर्मावर आले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत कवीच्या हाती ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून टाकले. तो गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट पंथाचा मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, आणि तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. हे भाकीत वैनगंगेच्या पुलाअलीकडे झाले की पलीकडे, याचा तपास करण्याचा मोह भंडाऱ्याच्या माणसाला होणे स्वाभाविक आहे; पण त्या डब्यातून पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेत जे गाणे आले, ते मुळात कोणाकोणाच्या हातून घडत आले होते, हा प्रश्न अधिक रसाळ आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना ज्याने ऐकली असेल त्याला हे ठाऊक असते की तेथे दोन प्रकारची गाणी शेजारीशेजारी नांदतात. एक, विलायती चालीवरची, सरळ उभे राहून, चार ओळींच्या बंदिस्त कडव्यांत म्हणावयाची. दुसरी, पेटी, तबला किंवा ढोलक आणि टाळ यांच्या साथीने, धृपद पुन्हा पुन्हा घोळवीत गावयाची, ज्यांना मंडळी सरळ ‘भजन’ असेच म्हणते. गाणाऱ्याच्या हातातील गीतपुस्तकात स्वरलिपी बहुधा नसते. क्रमांक असतो, ‘चाल’ या शब्दापुढे एखाद्या परिचित पदाचा किंवा रागतालाचा निर्देश असतो, आणि खाली आकडे घातलेली कडवी असतात. पाळकाने क्रमांक पुकारला की पाने फडफडतात आणि गाणे सुरू होते. ते कोणी रचले आणि चाल कोणी बांधली, हे विचारण्याची सवड कोणालाच नसते. याचा दोष मंडळीस देता येत नाही. ख्रिस्ती गीतांच्या जगात गीताचा कर्ता आणि चालीचा कर्ता या दोन निराळ्या असामी असण्याची वहिवाट फार जुनी आहे, आणि त्यांपैकी एकाने दुसऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते.

जगभर गाइले जाणारे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत पाहा. त्याचा कर्ता जॉन न्यूटन (१७२५–१८०७) हा गुलामांच्या व्यापारातील जहाजाचा कप्तान होता आणि पुढे इंग्लंडातील ऑल्नी या लहानशा गावी धर्मगुरू झाला. त्याचे गीत १७७९ सालच्या ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात छापले गेले, पण आज ज्या चालीवर ते ऐकू येते ती चाल त्याच्या शब्दांना जोडली गेली ती १८३५ साली, अमेरिकेत विल्यम वॉकर याने काढलेल्या ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात, म्हणजे न्यूटनला मरून अठ्ठावीस वर्षे झाल्यावर. हे शक्य होते ते छंदाच्या एका सोयीमुळे. इंग्रजी उपासनागीतांचा सर्वांत रूढ छंद आठ, सहा, आठ, सहा अक्षरांच्या चार ओळींचा. त्यामुळे या मापाचे कोणतेही गीत या मापाच्या कोणत्याही चालीवर चढविता येते. चालींना नावेही गीतांवरून न देता बहुधा गावांवरून देण्याची तिकडे प्रथा आहे. आपल्याकडे चाल ओळखावयाची ती आधीच्या पदाच्या पहिल्या शब्दांनी. तिकडे ती ओळखावयाची डंडीसारख्या एखाद्या गावाच्या नावाने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘गॉस्पेल’ गीत म्हणून जो प्रकार अमेरिकेत बोकाळला, त्यात तर कर्त्याचे नाव बाजाराच्या हिशेबात आणखीच विरघळले. फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५) ही बाई अवघ्या काही आठवड्यांची असताना दृष्टीला मुकली आणि तिने आयुष्यात आठ हजारांहून अधिक गीते रचली. एका गीताचा मोबदला तिला डॉलर-दोन डॉलर मिळे. आणि एकाच बाईच्या नावाने सारा संग्रह भरलेला दिसू नये म्हणून प्रकाशक तिची गीते सुमारे दोनशे निरनिराळ्या टोपणनावांखाली छापीत. तिचा समकालीन फिलिप ब्लिस हा गीतही रची आणि चालही बांधी. असा दुहेरी गुणी माणूस त्या धंद्यात विरळाच. १८७६ च्या डिसेंबरात ओहायो प्रांतातील ॲश्टाबुला येथे आगगाडीखालचा पूल कोसळून तो पत्नीसह मृत्युमुखी पडला, तेव्हा त्याचे वय अवघे अडतीस होते.

आगगाडीचा विषय निघालाच आहे, तर आयरा सँकी याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सँकी हा प्रवचनकार मूडी याचा जोडीदार. मूडीने बोलावे आणि सँकीने लहानशा पायपेटीवर बसून गावे, अशी त्यांची कामाची वाटणी. १८७४ साली ग्लासगोहून एडिंबरोला जाताना स्थानकावर घेतलेल्या एका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्याला हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावरील एक कविता सापडली. ती कातरून त्याने खिशात ठेवली, आणि एडिंबरोच्या सभेत मूडीचे प्रवचन संपून गाण्याची वेळ आली तेव्हा, चाल नसतानाच, ते कात्रण पेटीवर मांडून त्याने गावयास आरंभ केला. पहिल्या कडव्याला जे सुचले तेच त्याने पुढच्या कडव्यांना धरून ठेवले. कवयित्री एलिझाबेथ क्लेफेन हिला वारून तेव्हा पाच वर्षे झाली होती. हा प्रसंग ज्या सभागृहात घडला ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. आणि नागपूरचे मिशन चालविणारे, पुढे भंडाऱ्यापर्यंत आपले ठाणे नेणारे चर्च हेच. ज्या चर्चमध्ये तोवर दाविदाची स्तोत्रे तेवढी, आणि तीही बहुतेक ठिकाणी वाद्याविना, गाण्याचा कडकडीत शिरस्ता होता, तेथेच पेटीवाल्या सँकीने गर्दी जमवावी, हे तत्कालीन वृद्धांना खचितच रुचले नसेल.

भोसल्यांचे नागपूर राज्य अजून शिल्लक असताना, १८४५ साली, या चर्चचा स्टीफन हिस्लॉप नागपुरास आला. पुढे १८५४ साली राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन भंडारा त्याचा एक जिल्हा झाला. हिस्लॉपचे नाव आज नागपूरचे महाविद्यालय वागविते. पण मला त्याचे मोठेपण निराळ्याच गोष्टीत दिसते. धर्मगीते शिकवावयास आलेल्या या माणसाने गोंडांचे गीत ऐकून लिहून घेतले. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची जी दीर्घ गाथा परधान गायक म्हणत, ती त्याने टिपली, आणि १८६३ साली तो ओढ्याच्या पुरात बुडून मेल्यावर त्याच्या कागदपत्रांत सापडलेली ही गाथा सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्याच लिंगोच्या स्मृतीशी जोडलेले कचारगड दरेकशाच्या डोंगरात, आपण आरंभी पाहिलेल्या लोहमार्गापासून जवळच आहे, आणि माघी पौर्णिमेला तेथे गोंड समाजाची यात्रा भरते. ज्या मुलखात दंडार आणि खडीगंमत रात्र रात्र रंगते, जेथे खेड्याखेड्यात भजनी मंडळाचे टाळ वाजतात आणि पुढील काळात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने माणसे वेडी केली, त्या झाडीपट्टीत नव्या धर्माचे गाणे घेऊन येणाऱ्याने आधी तेथले गाणे ऐकावे, यात शहाणपण होते. सगळ्यांना ते साधले नाही.

न साधण्याचे कारण केवळ अहंकाराचे नव्हते, पुष्कळसे छंदशास्त्राचेही होते. इंग्रजी पद्य आघातावर चालते: एक अक्षर हलके, पुढचे जड, अशी त्याची चाल, आणि सुरांचा भार नेमका जड अक्षरावर पडतो. मराठीत आघात सौम्य. आणि आपली विभक्ती शब्दाच्या शेपटाला लागलेली. त्यामुळे आठ-सहाच्या विलायती साच्यात मराठी वाक्य ओतले की सुराची मोठी उडी ‘ला’, ‘ने’, ‘ची’ अशा निरुपद्रवी प्रत्ययांवर येऊन पडते, ‘परमेश्वर’ हा शब्द मधोमध मोडून अर्धा एका सुरावर आणि अर्धा श्वास घेतल्यावर दुसऱ्यावर येतो, आणि गाणाराला आपण प्रार्थना करीत आहो की कवायत, असा संभ्रम पडावा. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा हेन्री बॅलंटाइन याने १८३५ साली येथे आल्यापासून १८६५ साली मरेपर्यंत मराठी उपासनागीतांसाठी अपार श्रम केले, त्याचे मराठीही चांगले होते. पण विलायती चाल राखण्याच्या हट्टाची किंमत त्या पिढीच्या गीतांना मोजावी लागली. अशी पुष्कळ गीते अजून गाइली जातात, आणि ज्यांच्या कानांवर ती बालपणापासून पडली त्यांना ती गोडही लागतात. सवयीचा अंमल रसिकतेहून मोठा असतो.

आश्चर्य हे की या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच गोमंतकात देऊन झाले होते. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९ साली जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, साष्टीच्या खेड्यांतून फिरला, आणि १६१६ साली राचोल येथे त्याने आपले ‘क्रिस्तपुराण’ छापले: जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषेत, पण देवनागरी खिळे नसल्यामुळे रोमन लिपीत. त्याने आठ-सहाचा साचा आणला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी उचलली. ओवीत अक्षरांची सक्ती सैल, आघाताची तर मुळीच नाही. वाक्य जेथे थांबते तेथे चरण थांबतो. परंतु पोर्तुगीज अमलाखालचा तो वारसा घाटावरच्या प्रॉटेस्टंट मिशनांपर्यंत पोहोचला नाही, आणि नगरच्या लोकांना सारा खटाटोप नव्याने करावा लागला.

तो प्रथम यशस्वीपणे केला कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी. सांगळ्यांनी १८६० नंतरच्या काळात नगरास ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. नमन, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान, मध्ये मध्ये पदे आणि साकी-दिंडी, मागे साथीदारांचे टाळ-मृदंग. सांगाडा सारा हरिदासी, आणि आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा ख्रिस्तजन्माचे. चर्चच्या बाकांवर जो श्रोता जांभया देई, तोच चावडीपुढे मध्यरात्रीपर्यंत बसू लागला. सांगळ्यांचे नाव टिळकांच्या प्रभेत झाकोळून गेले आहे, हा एक अन्यायच म्हणावयाचा. कारण टिळक आले तेव्हा वाट मळलेली होती.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्या हाताखाली त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. मग कीर्तन कर, शाळा चालव, मासिक काढ, आणि एका जागी कंटाळा आला की दुसरे गाव गाठ, असा त्यांचा संसार. नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य झाले, ‘ऋषि’ नावाचे मासिक झाले, आणि तेथून राजनांदगावच्या बैरागी महंत-राजांच्या संस्थानाकडे जाताना ती आगगाडी. वॉर्डने दिलेल्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडले ते अडलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला; भाकिताची मुदत अशी जेमतेम पाळली गेली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई हिने या आघातानंतर काही वर्षे वेगळी काढली, आणि पुढे १९०० साली स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ती सारी कथा तिच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात इतक्या निर्मळ विनोदाने आली आहे की तिचा सारांश देण्याचे धाडस कोणी करू नये.

गीतकार टिळकांकडे पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये: त्यांनी धर्म बदलला, पण कान बदलला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते उघड सांगत. अभंगाचे मोठे रूप साडेतीन चरणांचे: सहा सहा अक्षरांचे तीन चरण, शेवटी चार अक्षरांचा आखूड चरण, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. तो अखेरचा आखूड चरण फार गुणाचा. तीन पावले चालून माणूस थबकतो, आणि उरलेल्या दोन अक्षरांच्या जागी टाळ बोलतो. इंग्रजी गीताच्या ओळीओळीत जे ठासून भरलेले असते, ते अभंगात थोडे मोकळे सोडलेले असते, आणि मंडळीचे गाणे त्या मोकळ्या जागेत शिरते. टिळकांनी हे रूप ख्रिस्ती उपासनेस दिले, आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा इतका मोठा झाला की त्या काढून घेतल्यास पुस्तकाचा कणा निघून यावा. ख्रिस्ताला त्यांनी ‘माउली’ मानले, ‘गुरुराज’ मानले. परदेशी मिशनऱ्यांपैकी काहींच्या भुवया यावर उंचावल्या, आणि गाणाऱ्या बायाबापड्यांनी मात्र ती भाषा आपलीच म्हणून उचलली.

मघाशी कर्त्याच्या नावाचा प्रश्न काढला होता. इंग्रजी संग्रहात गीतकाराचे नाव गीताच्या बाहेर, कोपऱ्यात बारीक टाइपात असते. आपल्या संतपरंपरेत ते गीताच्या पोटात, शेवटच्या चरणी, मुद्रा म्हणून असते, त्यामुळे छापखाना नसतानाही तुकोबांचा अभंग तुकोबांचाच राहिला. टिळकांनी मुद्रा स्वीकारली, पण त्या जागी ‘नारायण’ घातला नाही, ‘टिळक’ तर नाहीच. त्यांनी ‘दास’ घातला. फॅनी क्रॉस्बीचे नाव प्रकाशकांनी पुसले, टिळकांनी आपले आपणच पुसले. याचा परिणाम असा होतो की शेवटचे कडवे म्हणणारा प्रत्येक जण ते स्वतःच्याच नावाने म्हणतो. मला ही युक्ती त्यांच्या साऱ्या काव्यगुणांहून श्रेष्ठ वाटते. मात्र टिळकांना ती युक्ती म्हटलेले आवडले नसते.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली सुरू केलेले होते. नगरास त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा पोरसवदा कवी राहिला, जो बालकवी म्हणून महाराष्ट्राला वेड लावून १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ आगगाडीखाली सापडून गेला. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक मेळावा उभारण्याचा घाट घातला. तो मूळ धरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा अंत झाला. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून सुमारे दहा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखच लग्नानंतर नवऱ्याने करून दिली आणि ज्यांची जोडाक्षरांशी कुरबूर अखेरपर्यंत चालू होती. १९३६ साली त्या वारल्या. ग्रंथ १९३८ साली बाहेर पडला. त्या महाकाव्याचा मोठा वाटा पत्नीचा असून लोक सर्रास ते ‘टिळकांचे’ म्हणतात. व्याकरणाने ते चूक नाही, लक्ष्मीबाईही टिळकच होत्या.

टिळकांच्या हयातीतच त्यांचे अभंग उलट दिशेने प्रवासास निघाले होते. पुण्यातील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल हा मराठी संतवाङ्मयाचा खरा जाणकार. १९१९ साली त्याने मराठी संतांच्या निवडक अभंगांचा इंग्रजी अनुवाद काढला, आणि टिळकांच्या काही गीतांनाही इंग्रजी रूप दिले. त्यांतील एक इंग्रजी उपासना-संग्रहांत शिरले. परंतु अनुवादात त्याला जो छंद मिळाला तो नेमका आठ-सहाचा. साडेतीन चरणांची ती मोकळीक गेली, आणि कोणत्याही गावच्या चालीवर चढविता येईल असे ते सोयीचे माप झाले. सांगळ्यांच्या नशिबी मात्र निराळे आले. तन, मन, धन अर्पण करण्याविषयीचे त्यांचे एक भजन नगरच्या मिशनमधील ऑल्डन क्लार्क याने १९३१ च्या सुमारास इंग्रजीत आणले, तेव्हा त्याची मराठी चालही सोबत गेली, आणि गावाचे नाव न घेता ‘तन मन धन’ याच नावाने ती पाश्चात्त्य संग्रहांत दाखल झाली. कर्त्याचे नाव कोपऱ्यात बारीक टाइपात, पण पूर्ण, वडिलांच्या नावासकट छापले जाते.